सत्तर अंश कमी

४ फेब्रुवारी

चि. कशावरून हिला,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता तुझ्या आईकडून लिहून घेतला. लबाडी आहे, कबूल. पण पुढचं दार बंद असलं की बाप खिडकीतून येतो. तुझं हे घरातलं नावही मुद्दामच वापरतोय. तीन वर्षांची होतीस तेव्हा "आज पाऊस येणार" म्हटलं तरी कमरेवर हात ठेवून "कशावरून?" विचारायचीस. आज तूच विचारावंस असं काहीतरी घडलंय. तेवढं वाच, मग फाड.

कालपासून माझं डोकं जागेवर नाही. सकाळी दाढी करताना अर्धाच गाल केला आणि कामाला निघालो. तुझी आई दारातून ओरडली, "अहो, उरलेला गाल कुणाला ठेवलाय?" तेव्हा कुठे आरशात पाहिलं.

झालं असं. संस्थेतून निरोप आला की काचेच्या बाटल्या भाजायच्या जुन्या भट्टीत गडबड आहे. तुझ्याच प्रयोगशाळेतली, कोपऱ्यातली. तू गेल्यापासून ती बंदच होती, सगळे वापरून फेकायच्या प्लास्टिकवर गेले होते. आता तुझ्या जागी एक नव्या बाई आल्यात, त्याही मूळपेशींवरच काम करतात. रोज पोतंभर प्लास्टिक फेकायचा त्यांना राग येतो, म्हणून त्यांनी भट्टी पुन्हा सुरू केली.

मी गेलो तेव्हा भट्टी तापलेली होती. सवयीने आधी कान लावला. पंखा ठीक. दाराचं रबर ठीक. पण कॉइलचा आवाज अर्धा. दोघांनी बोलायच्या जागी एकटाच कुणीतरी बोलतोय असा. आणि समोर आकडा मात्र ठणठणीत, अडीचशे अंश.

बाईंनी चिमट्याने आतून कागदाच्या दोन पट्ट्या काढल्या. "हे बघा काका. ही पट्टी अडीचशेला काळी पडते. दोन तास आत होती, पांढरीच्या पांढरी. ही एकशे ऐंशीवाली काळी झालीय. म्हणजे तुमची भट्टी सत्तर अंश थापा मारते."

मी म्हणालो, "बाई, एकशे ऐंशीला कुठला जंतू टिकतो? दोन तासांत त्याच्या सात पिढ्या गार होतात."

"जंतू मरतो हो. त्याचं कातडं उरतं. ते जाळायला अडीचशे लागतात."

"मेलेल्याचं कातडं कुणाला काय करणार?"

त्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावलं. तुला मी शिकवत नाही, मला कळलं ते बरोबर आहे का एवढं तपास. मूळपेशी म्हणजे शाळा संपलेलं पण धंदा न ठरलेलं पोर. कूर्चा होईल, हाड होईल, चरबी होईल, सगळी दारं उघडी. तिच्या अंगावर पहारेकरी असतात. मेलेल्या जंतूच्या कातड्याचा कण त्यांना लागला तरी ते बोंब ठोकतात, की चोर शिरला! त्या बोंबेलाच तुम्ही दाह म्हणता. ती बोंब पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचते आणि तिथे जनुकांचे काही स्विच वर जातात, काही खाली येतात.

मी म्हणालो, "हा तर रिले झाला! बारीक तारेतला इवलासा करंट येतो आणि मोठी मोटर उलटी फिरवतो."

बाई म्हणाल्या, "काका, माझ्या विद्यार्थ्यांना हे समजायला सहा महिने लागतात." आणि मग सहज बोलून गेल्या, "नेमका कूर्चेचा स्विच खाली पडतो. कूर्चा व्हायला निघालेली पेशी हाडाच्या वाटेला लागते."

पोरी, मी स्टुलावर बसलो होतो म्हणून बरं.

पेशींना उपाशी ठेवलं की त्या कूर्चेची वाट सोडून हाडाकडे वळतात. हाच तुझा शोध होता ना? आणि वरच्या मजल्यावर तिघांनी आपल्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरून करून पाहिला, तिघांनाही जमला नाही. मग चौकशी झाली, आणि फाइलीत तो शेरा पडला, "आकडे हेतुपुरस्सर बनवले." तो एक शब्द, हेतुपुरस्सर, तुला इथून उठवून दुसऱ्या टोकाच्या गावात लोकांचं रक्त तपासायला घेऊन गेला.

मला एकच सांग. पोटभर खाणाऱ्या पेशींचं अन्न कंपनीच्या तयार प्लास्टिकच्या बाटलीतून यायचं. हे मला पक्कं आठवतं, कारण रिकाम्या बाटल्या तू घरी आणायचीस आणि आई त्यांत साखर भरायची. पण उपाशी पेशींचं कमी साखरेचं अन्न तयार मिळत नव्हतं, ते तू स्वतः कालवायचीस. कशात? काचेच्या बाटलीत? त्या भट्टीतून निघालेल्या?

कार्डावर हो किंवा नाही एवढंच लिही.

बाबा

ता.क. भट्टी फार जुनी आहे. जुन्या यंत्राचा आकडा सरकतो कधी कधी.


१५ फेब्रुवारी

चि. कशावरून,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात तीन वाक्यं: "हो. काचेच्या. आकडा सरकला की कुणी सरकवला?"

लोक म्हणतात तुझे कान माझ्यावर गेलेत. खरंय. ताज्या कलमातला खोटा सूर तू इतक्या लांबून ऐकलास.

मी सरकवला.

हे दोन शब्द लिहून मी अंगणात एक चक्कर मारून आलो. आता सगळं सांगतो, मध्ये थांबवू नकोस.

तुझ्या त्या शोधाच्या आधीच्या उन्हाळ्यात भट्टीची दोनपैकी एक कॉइल जळाली. संस्था भट्टी भंगारात काढणार होती, नवी यायला आठ महिने लागणार होते. तू घरी आलीस आणि चपला न काढताच म्हणालीस, "बाबा, आठ महिने मी बाटल्या कुठे भाजू?" मी म्हणालो, "सोमवारपर्यंत चालू करून देतो. तुझा बाप कशाला आहे?" हे वाक्य बोलायला मला फार आवडायचं. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाची लेक शास्त्रज्ञ झाली आणि तिचं काम बापाच्या पान्ह्यावाचून अडलंय, यापेक्षा मोठं सुख मला माहीत नव्हतं.

कॉइल बाजारात मिळेना. एका कॉइलवर भट्टी एकशे ऐंशीच्या वर चढेना. आणि तुमचा नियम असा की आकडा अडीचशे दिसल्याशिवाय बाटल्या बाहेर काढायच्या नाहीत. बाटल्या धुणाऱ्या मावशी नियमाच्या पक्क्या, त्या आकडा पाहिल्याशिवाय दाराला हात लावत नाहीत. मी विचार केला, एकशे साठला जंतू मरतो हे मी तीस वर्षं पाहतोय. अडीचशे म्हणजे पुस्तकवाल्यांची भीती, सोसेल त्यापेक्षा जास्त सांगून ठेवायची सवय. भट्टीच्या आकड्याला एक दुरुस्ती देता येते, सेन्सर थोडा चुकत असेल तर बेरीज-वजाबाकी करायची सोय. मी तिथे अधिक सत्तर घातले. भट्टी एकशे ऐंशीला पोचली की आकडा दाखवणार अडीचशे. मावशी खूष, तू खूष, मी तर काय, आकाशात.

कॉइल तीन आठवड्यांत येणार होती, ती दोन महिन्यांनी आली. तोवर कुणाची तक्रार नव्हती. ती कॉइल मी दुसऱ्या मजल्यावरच्या एका यंत्राला लावून टाकली. आणि विसरलो. माझ्या दुरुस्तीच्या वहीत त्या तारखेला माझ्याच हाताने लिहिलंय, "+७०, तात्पुरतं." तात्पुरतं! या शब्दाइतका टिकाऊ माल मी आयुष्यात पाहिला नाही.

तर परवा स्टुलावर बसून बाईंचं बोलणं ऐकताना मला हे सगळं एका क्षणात कळलं. आणि मी काय केलं माहीत आहे? बाईंना म्हणालो, "सेन्सर म्हातारा झालाय, बदलून देतो." तुला म्हणालो, आकडा सरकतो कधी कधी. माझं तोंड माझ्याआधी धावलं, धंद्यातल्या माणसाचं धावतं तसं.

आता दुसरी गोष्ट. ती तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कधी सांगितली नाही.

चौकशी चालू असताना संचालकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. चहा पाजला. म्हणाले, "तुम्ही व्यवहारी माणूस आहात. मुलीला समजवा. चूक मान्य केली तर आम्ही सौम्य शब्द वापरू." मी घरी येऊन तुला म्हणालो, "आकडे थोडे वर-खाली सगळेच करतात. माफी माग आणि मोकळी हो."

तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला वाटतं मी केलं?"

मी म्हणालो, "मी बाप आहे. मला काही वाटत नाही."

हे मी उदारपणे बोललो होतो, पोरी. तुला पोटाशी घेतल्यासारखं. तू उठून बॅग भरायला लागलीस तेव्हा मला खरोखर कळलं नाही की मी काय बोललो. आकडे वर-खाली सगळेच करतात! घरात ते काम करणारा एकच माणूस होता, आणि तो तुला क्षमा करत उभा होता.

मी सुन्न आहे. दुसरा शब्द सापडत नाही. माफी मागत नाही, कारण मागायला आधी वजन माहीत हवं आणि ते अजून माझ्याच्याने उचललं जात नाही. आता बाईंकडे जातो आणि खरं सांगतो. मग संचालकांकडे. तुझं काही म्हणणं असेल तर लगेच कळव.

बाबा


२७ फेब्रुवारी

चि. कशावरून,

तुझं पत्र मी पोचायच्या आत पोचलं असतं तर बरं झालं असतं. तू लिहिलंस, "भट्टीला हात लावू नका." मी लावून बसलो होतो. त्या दिवशीच नवी कॉइल घातली आणि ते सत्तर काढून टाकले. चूक दिसली की दुरुस्त करायची, हीच अक्कल आयुष्यभर कमावलेली. बाईंना खरं सांगितलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. भट्टीकडे बघत म्हणाल्या, "काका, तुम्ही कबुलीजबाब घेऊन आलात आणि येताना पुरावा पुसून आलात." मग डोकं धरून बसल्या. मीही बसलो. दोघं असे बसलेले पाहून बाटलीवाल्या मावशी आत आल्या. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. मावशींनी हात पदराला पुसले आणि सिंकखालचं कपाट उघडलं. आतून एक खोका ओढला.

अकरा बाटल्या. तुझ्या. तोंडाला फॉइल घट्ट, वर तुझ्या हाताची चिकटपट्टी, भाजल्याची तारीख. एकही उघडलेली नाही.

"फेकायला सांगितलं होतं वरून," मावशी म्हणाल्या. "मी म्हटलं, पोरगी येईल परत, तिला लागतील. चार वर्षं यांच्यापायी माझा साबण ठेवायला जागा नाही."

मी वही काढून तारखा ताडल्या. अकराही माझ्या सत्तरनंतरच्या.

बाटल्यांची बातमी बाईंनी तुला फोनवर दिली, त्यावर आलेलं तुझं दुसरं पत्र मात्र शब्दशः पाळलं. तू लिहिलंस की बाबांनी बाटल्यांना हात लावायचा नाही, त्यांचा यात संबंध आहे. लागलं थोडं, पण बरोबर आहे. तू लिहिलंस की मावशींनी तुझ्या पट्ट्या झाकून नुसते क्रमांक घालावेत, सोबत नव्याने नीट भाजलेल्या सहा बाटल्या मिसळाव्यात आणि कुठली कुठली ते बाईंनाही सांगू नये. मावशींनी क्रमांकांचा कागद ब्लाउजमध्ये ठेवला आणि मला दम दिला, "माझ्याकडे असं बघायचं नाही." तू लिहिलंस की सगळ्या वापरायच्या नाहीत. सहाच घेतल्या. पाच मावशींच्या साबणाच्या जागेवर परत गेल्या.

चाचणी मी दाराबाहेर उभा राहून पाहिली. प्रत्येक बाटली चमचाभर शुद्ध पाण्याने खळबळायची, ते पाणी एका छोट्या नळीत घ्यायचं, त्यात समुद्रातल्या कुठल्याशा खेकड्यासारख्या प्राण्याच्या रक्तापासून केलेलं औषध घालायचं. जंतूच्या कातड्याचा कण असला की ते रक्त गोठतं. तासभर ऊब द्यायची आणि नळी उलटी करायची. खाली ओघळलं तर स्वच्छ. वरच चिकटून राहिलं तर कातडं आहे.

मी तासभर भिंतीला कान लावून होतो. ऐकू काय येणार? नळी गोठल्याचा आवाज येत नाही. तरी होतो.

बाईंनी एकेक नळी उलटी केली. ओघळली. चिकटली. चिकटली. ओघळली. बारा झाल्यावर मावशींनी ब्लाउजमधून कागद काढला आणि मोठ्याने वाचला, बाजारात भाव सांगतात तसा. तुझ्या सहाच्या सहा चिकटलेल्या. नव्या सहाच्या सहा ओघळलेल्या.

बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तिने जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं."

मला तिथे रडू आलं असं मी लिहिलं असतं, पण मावशी तुला खरं सांगतील. मला हसू आलं. थांबेचना. चार वर्षं मी ज्या बाईला सिंकपाशी रोज नमस्कार करून जात होतो, तिने तुझ्यावर विश्वास ठेवला होता आणि मी ठेवला नव्हता. या गोष्टीला रडणं पुरत नाही.

संचालकसाहेबांकडे बाई आणि मी दोघं गेलो. साहेबांनी वही पाहिली, नळ्यांचे फोटो पाहिले. म्हणाले, "ती फाइल बंद आहे. ती दुसरीकडे स्थिरावली. तुमच्या हातात आमच्या सगळ्या यंत्रांची देखभाल आहे, वीस माणसं तुमच्याकडे कामाला आहेत. हे उकरून कुणाचं भलं होणार?"

मी म्हणालो, "साहेब, मागच्या वेळी तुमचा चहा प्यायलो तो अजून पचलेला नाही. आज चहा नको."

ते बाईंकडे वळले. बाई म्हणाल्या, "बाटलीत कातडं होतं एवढं सिद्ध झालं. त्याने पेशी वळल्या का, ते मी पाहणार. तीन आठवडे लागतील. परवानगी नसेल तर तसं लिहून द्या." साहेबांनी लिहून दिलं नाही. त्यांच्या भाषेत ती परवानगी.

आणि घरातलं. तुझ्या आईला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "चार वर्षं दर रविवारी मी तिला फोनवर सांगतेय, बाबांना माफ कर, त्यांना तुझ्या कामातलं काही कळत नाही. आता काय सांगू?"

दर रविवारी! आणि मी समजत होतो ती शेजारी विणकाम शिकायला जाते. घरात एक मोजाही आला नाही, तरी मला संशय नाही. यंत्रांचे आवाज ऐकणाऱ्या या कानांना स्वतःच्या बायकोची चप्पल कुठल्या दिशेला वाजते ते कळलं नाही.

बाबा


१० एप्रिल

चि. कशावरून,

निकाल आला. बाईंनी तुला कधीच कळवलाय, पण मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

तीन प्रकारच्या बशा होत्या. सगळ्यांतल्या पेशींना कूर्चा व्हायला सांगितलेलं. पहिलीतल्या उपाशी ठेवलेल्या, अन्न स्वच्छ बाटलीतलं. दुसरीतल्या पोटभर खाऊ घातलेल्या, पण अन्न तुझ्या जुन्या बाटलीत एक दिवस ठेवलेलं. तिसरीतल्या उपाशीही आणि जुन्या बाटलीतल्याही. शेवटी एक रंग टाकतात, हाडाचा चुना जिथे धरला असेल तिथे तो लाल होतो.

पहिली बशी कोरी. दुसरी लाल. तिसरीही लाल, थोडी गडद.

पोट भरलेल्या पेशीसुद्धा वळल्या, पोरी. उपाशी असून स्वच्छ अन्नावरच्या वळल्या नाहीत. बाईंनी जनुकांचंही मोजमाप केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बशीत दाहाचे स्विच वर, कूर्चेचा खाली. त्या म्हणाल्या, "आकडे तिच्या जुन्या वहीशी इतके जुळतात की अंगावर काटा येतो."

हे पाहताना मला दुसरा धक्का बसला, जो मी महिनाभर बाजूला ठेवत होतो. तू खोटी नव्हतीस हे ठरलं. पण उपासमारीचा तुझा शोधही तिथेच मेला. सहा वर्षं जी गोष्ट तू जिवापाड धरलीस, ती माझं सत्तर होती. मी तुला एका हाताने सोडवतोय आणि दुसऱ्या हाताने लुटतोय.

म्हणून लेखी जबाबावर सही करायच्या आधी तुला पत्राने विचारलं. तुझं उत्तर माझ्या खिशात आहे, घडी झिजली. "बाबा, तुम्ही मला एकाच कागदात खरी ठरवलीत आणि चुकीची ठरवलीत. चुकीची ठरायला माझी हरकत नाही, आमचा धंदाच तो आहे. खोटी ठरणं सहन होत नव्हतं. सही करा. आणि हे माझ्यावर उपकार म्हणून करू नका." खाली वेगळ्या शाईने, बहुधा दुसऱ्या दिवशी: "दोन दिवस काही खाल्लं नाही. आईला सांगू नका."

सांगितलं नाही. पण तिला तुझ्या आवाजावरून कळलं. ते कान आमच्या घरात एकट्या माझे नाहीत, असं दिसतंय.

मी लेखी जबाब दिला. दुसऱ्या दिवशी संस्थेने देखभालीचं काम काढून घेतलं. वीसपैकी बारा जणांना मी दुसरीकडे लावून दिलं, आठ जण माझ्याबरोबर फ्रिज दुरुस्त करायला लागलेत. मी सुरुवात तिथूनच केली होती, हात विसरले नाहीत. ही तक्रार नाही, तू विचारशील म्हणून सांगितलं. आठांतला एक जण मला म्हणाला, "शेठ, सत्तर अंशांत एवढं मोठं दुकान जळतं?" मी म्हणालो, "नाही रे, सत्तर अंश कमी पडले म्हणून."

आता मुद्द्याचं. चौकशी समितीने फाइल पुन्हा उघडायचं मान्य केलं, पण एका अटीवर. त्यांचं म्हणणं, जुन्या अकरा बाटल्या आणि एका मेकॅनिकची वही यावर एवढा मोठा शेरा पुसता येत नाही. भट्टी पुन्हा तशीच बिघडवून दाखवा. समितीसमोर. एक कॉइल काढायची, अधिक सत्तर घालायचे, पन्नास बाटल्या भाजायच्या. मग सगळं नीट करून दुसऱ्या पन्नास. त्या शंभर बाटल्यांवर वरच्या मजल्यावरचे तेच तिघं प्रयोग करणार, ज्यांना तुझा प्रयोग जमला नव्हता. जमला, तर तो शब्द फाइलीतून जाणार.

संस्थेचं काम माझ्याकडे उरलेलं नाही, तरी भट्टी बिघडवायला मलाच बोलावलंय. दुसऱ्या कुणाला नेमकी तशी बिघडवता येत नाही म्हणे. आयुष्यभर लोकांनी मला नीट करायला बोलावलं. पहिल्यांदाच वाईट करायला बोलावलंय, आणि मी आठ दिवस घरी जुन्या थर्मोस्टॅटवर सराव करतोय, परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा. एक अंश इकडे तिकडे झाला तर तुझं नुकसान. तुझी आई म्हणते, "चूक करायला एवढी मेहनत घेताना तुम्हाला पहिल्यांदाच पाहतेय."

बावीस तारखेला सकाळी दहा वाजता. बाईंनी कामाचा तक्ता केलाय. डावीकडे भट्टीचा खरा ताप, वेगळ्या तापमापीने मोजलेला. उजवीकडे भट्टी दाखवते तो आकडा. दर दहा मिनिटांनी दोन्ही लिहायचे. खाली दोन सह्या: बिघडवणाऱ्याची आणि साक्षीदाराची.

माझी सही मी करणार. साक्षीदार कोण, असं समितीने विचारलं, तेव्हा बाईंनी तुझं नाव सांगितलं. साहेबांनी भुवया चढवल्या. मलाही राहवलं नाही. मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो, ती माझी मुलगी आहे, पण माझी बाजू घेणार नाही हं. माझ्या हाताला एका अंशाचा फरक दिसला तर सगळ्यांसमोर थांबवेल. सही करणार नाही."

बाई म्हणाल्या, "काका, म्हणूनच तर."

बाबा